शेपटीचे दोन मणके

बंगळूरला गेलेला मराठी माणूस लालबाग पाहिल्याशिवाय सहसा परतत नाही. पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारीच्या पुष्पप्रदर्शनांना तर तिथे जत्राच भरते. काचघर पाहून झाले की मंडळी केंपेगौडाच्या बुरुजाखालच्या उघड्या खडकावर चढतात, भुईमुगाच्या शेंगा फोडतात, फोटो काढतात आणि खाली उतरतात. ज्यावर शेंगांची टरफले पडतात तो खडक सुमारे ३०० कोटी वर्षांचा आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने त्याला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकाचा मान दिला आहे, तशी पाटीही तिथे आहे. पण सुटीच्या दिवशी पाटी वाचायला वेळ कोणाला असतो?

या पृथ्वीवर डायनोसॉर अवतरले ते साधारण २३ कोटी वर्षांपूर्वी आणि पक्ष्यांचा वंश सोडला तर ते नाहीसे झाले ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी. लालबागेच्या खडकाच्या हिशेबाने ही कालची पोरे. शिवाय जमिनीच्या पोटात, प्रचंड उष्णतेत आणि दाबाखाली घडलेल्या असल्या खडकात हाड टिकण्याचा प्रश्नच येत नाही. बंगळुरात डायनोसॉरची हाडे शोधणे म्हणजे भाकड गाईखाली चरवी घेऊन बसणे.

आणि तरीही भारतातल्या डायनोसॉरांची गोष्ट बंगळुराला वळसा घालून सांगता येत नाही. कारण हाडे सापडली जबलपूरला, चंद्रपूरला, गुजरातेत आणि तमिळनाडूत. पण त्यांच्यावरचे महत्त्वाचे लेख छापले गेले इथे. भारतीय भूवैज्ञानिक संस्थेचे मासिक इथूनच निघते. १९३२ पासून चाललेले ‘करंट सायन्स’ हे नियतकालिकही इथलेच. या ‘करंट सायन्स’च्या जानेवारी २०१३ च्या अंकात चार पानांचा एक छोटा लेख आला. लेखक तीन : आयुष्याचा मोठा काळ नागपुरात राहून डायनोसॉरची हाडे आणि अंडी अभ्यासणारे धनंजय मोहबे, भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे सुभाशिष सेन आणि अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाचे जेफ्री विल्सन. नवा प्राणी सापडल्याची बातमी त्यात नव्हती. भारताचा पहिला डायनोसॉर परत सापडला, एवढीच ती बातमी होती. परत सापडला, तोही कुठल्या डोंगरात नव्हे. कोलकात्यातल्या सर्वेक्षणाच्याच संग्रहात!

हा पहिला डायनोसॉर म्हणजे टायटॅनोसॉरस इंडिकस. नाव भारदस्त. ग्रीक पुराणांत टायटन नावाचे महाकाय होऊन गेले, त्यांच्यावरून हे नाव घेतलेले. पण या भारदस्त नावामागे मूळ भांडवल काय होते? शेपटीचे दोन मणके. आज शास्त्रज्ञ या नावापुढे ‘संदिग्ध’ असा शेरा मारतात. हा शेरा कसा पडला, ते पाहण्यासारखे आहे.

सुरुवात होते १८२८ साली जबलपूरला. तिथे कॅप्टन विल्यम स्लीमन नावाचा इंग्रज अधिकारी होता. ठगांचा बंदोबस्त करणारा तोच हा स्लीमन. कटनीजवळचे स्लीमनाबाद त्याच्याच नावाचे. ठगांनी पुरलेली प्रेते उकरून काढणे हे पुढे ज्याच्या नोकरीचेच काम झाले, त्या माणसाला जबलपूरजवळच्या बारा सिमला टेकडीत दगड झालेली हाडे मिळावीत, हा योग गमतीचाच म्हणायचा. ती हाडे कोणाची, हे अर्थातच त्याला ठाऊक नव्हते. कोणालाच नव्हते. ‘डायनोसॉर’ हा शब्दच रिचर्ड ओवेनने घडवला तो १८४२ साली, म्हणजे चौदा वर्षांनंतर. इंग्लंडातल्या मेगॅलोसॉरसला नाव मिळून तेव्हा जेमतेम चार वर्षे झाली होती.

स्लीमनने ते मणके स्पिल्सबरी नावाच्या डॉक्टरकडे दिले. स्पिल्सबरीने ते १८३२ च्या सुमारास कलकत्त्याला जेम्स प्रिन्सेपकडे धाडले. हा प्रिन्सेप म्हणजे ज्याने पुढे ब्राह्मी लिपी वाचली आणि अशोकाचे शिलालेख बोलते केले, तोच. त्याला मणक्यांची लिपी मात्र लागली नाही. हाडे कलकत्त्यात पडून राहिली. पुढे भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या टॉमस ओल्डहॅमची नजर त्यांच्यावर गेली, ह्यू फाल्कनर या नामवंत जीवाश्मतज्ज्ञाने त्यांचे वर्णन लिहिले आणि अखेर १८७७ साली रिचर्ड लिडेकरने त्यांचे बारसे केले. जन्म १८२८ चा आणि बारसे १८७७ चे. पाळण्यात घालायला पन्नास वर्षे लागली म्हणायची.

आता लिडेकरने दोन मणक्यांवरून नवी प्रजाती कशी ठरवली? त्याला एक खूण दिसली होती. हे मणके पुढच्या बाजूने वाटीसारखे खोलगट होते आणि मागच्या बाजूने लिंबासारखे फुगीर. म्हणजे एका मणक्याचा लिंबू मागच्या मणक्याच्या वाटीत बसणार आणि शेपूट सर्व बाजूंना वळू शकणार. लांब मानेच्या, लांब शेपटीच्या त्या शाकाहारी महाकायांमध्ये शेपटीची अशी ठेवण तोवर कोणी पाहिली नव्हती. लिडेकरचे चुकले काय? काहीच नाही. त्या काळी ती खूण खरोखरच एकमेव होती.

पण समजा, एखाद्या खेड्यात सबंध गावात एकच माणूस चष्मा लावतो. ‘चष्मेवाले, मुक्काम पोस्ट अमुक’ एवढ्या पत्त्यावर त्याचे पत्र बरोबर पोहोचते. पन्नास वर्षांनी त्याच गावात घरोघर चष्मे आले. आता त्याच पत्त्यावर पत्र टाकले तर पोस्टमनने ते कोणाच्या हाती द्यायचे? पत्ता लिहिणाऱ्याची चूक नाही आणि पोस्टमनचीही नाही. खूणच जुनी झाली. टायटॅनोसॉरसचे नेमके हेच झाले. विसाव्या शतकात अर्जेंटिनात, मादागास्करमध्ये, युरोपात, आशियात अशाच वाटी-लिंबाच्या शेपटीचे प्राणी सापडत गेले. सुरुवातीला जो सापडेल त्याला ‘हाही टायटॅनोसॉरसच’ म्हणून त्याच टोपलीत टाकण्यात आले. खुद्द लिडेकरनेच अर्जेंटिनातली काही हाडे त्यात घातली. होता होता टोपलीत तब्बल १४ जाती जमल्या. भारत, लाओस, मादागास्कर, युरोप, अर्जेंटिना असा त्यांचा पसारा आणि त्यांच्यातले अंतर ६ कोटी वर्षांचे! एखादे घराणे एवढ्या दूर पसरेलही; पण एकच प्रजाती ६ कोटी वर्षे तशीच्या तशी नांदेल, हे कोणाला पटावे?

ही निव्वळ नावांची भांडणे असती तर ती शास्त्रज्ञांवर सोडून देता आली असती. पण या नावावर एक मोठा इमला उभा होता. एकच प्राणी भारतातही आणि दक्षिण अमेरिकेतही सापडतो, याचा अर्थ हे भूखंड त्या काळी जोडलेले असले पाहिजेत, असा युक्तिवाद वर्षानुवर्षे केला जात होता. भारत आफ्रिकेपासून केव्हा सुटला, मादागास्करपासून केव्हा दुरावला, आशियाला येऊन भिडेपर्यंत तो समुद्रात एकटा होता की मधूनमधून कोणाशी जमिनीने जोडला जात होता, या प्रश्नांच्या उत्तरांत या प्राण्याची साक्ष काढली जाई. भूखंड एकेकाळी जोडलेले होते याचे इतर पुरावे भक्कम आहेत, तो सिद्धान्त काही या दोन मणक्यांवर उभा नाही. पण केव्हापर्यंत जोडलेले होते, हा बारीक हिशेब मांडताना साक्षीदाराची ओळखच पक्की नसेल तर सगळा जबाब बाद होतो.

२००३ साली जेफ्री विल्सन आणि ब्रिटनमधले पॉल अपचर्च या दोघांनी सगळी टोपली टेबलावर ओतली. एकेका जातीची हाडे, चित्रे, वर्णने तपासली. चौदांपैकी फक्त पाच जाती ओळखता येण्याजोग्या निघाल्या आणि त्या पाचांत खुद्द टायटॅनोसॉरस इंडिकस नव्हता. ज्याच्या नावाने दुकान चालले होते, त्याच्याच खात्यावर शिल्लक नाही!

इथे वाचकांना साहजिकच प्रश्न पडेल, की मग ते नाव चांगला सांगाडा असलेल्या दुसऱ्या जातीला देऊन का टाकले नाही? तसे करता येत नाही. प्राण्यांच्या शास्त्रीय नावांचा कायदा आपल्या सातबाराइतकाच चिवट आहे. नाव ज्या मूळ नमुन्यावर चढले त्यालाच ते चिकटून राहते. जमिनीची हद्द पुसली, बांध वाहून गेला, तरी उताऱ्यावरचे नाव शेजाऱ्याच्या शेताला लावता येत नाही. तसेच इथे. मणके खरे आहेत, ते कोण्या अजस्र प्राण्याचे आहेत यातही शंका नाही. फक्त तो प्राणी त्याच्या भाऊबंदांहून वेगळा कसा ओळखायचा, हे त्या मणक्यांवरून सांगता येत नाही. म्हणून ‘खोटे’ नव्हे, ‘संदिग्ध’. या दोन शब्दांतला फरक पुष्कळ वेळा बातम्यांत हरवतो आणि ‘भारताचा डायनोसॉर बनावट’ असा काहीतरी गैरसमज पसरतो.

या फेरतपासणीचा एक फायदा महाराष्ट्राला झाला. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याच्या बाजूला डोंगरगाव आहे. तिथे कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतल्या सोहनलाल जैन आणि शाश्वती बंद्योपाध्याय यांनी १९८० च्या दशकात एका महाकाय शाकाहारी डायनोसॉरची बरीच हाडे काढली. मानेचे, पाठीचे, शेपटीचे मणके, खांदा, कंबर असा चांगला ऐवज मिळाला. १९९७ साली त्यांनी त्याला टायटॅनोसॉरस कोल्बर्टी असे नाव दिले. अर्थात तोही त्याच टोपलीत गेला. २००३ मध्ये टोपली रिकामी झाल्यावर या प्राण्याला स्वतःचे स्वतंत्र नाव मिळाले : आयसिसॉरस. सांख्यिकी संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ते केलेले आहे. आकडेमोडीच्या संस्थेचे नाव डायनोसॉरला मिळावे, हे जगात दुसरीकडे घडले नसावे. (त्या संस्थेत भूशास्त्राचा विभाग आहे आणि त्याने काढलेला बारापासॉरस हा सहाएक प्राण्यांच्या सुमारे तीनशे हाडांवरून ओळखला गेला. दोन मणके कुठे आणि तीनशे हाडे कुठे!)

डोंगरगावच्याच टापूत पिसदुरा आहे. नागपूरला ज्यांच्या नावाचे कॉलेज आहे ते मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी या गावाच्या शिवारातले जीवाश्म गेल्याच्या आधीच्या शतकात गोळा केले. धर्मप्रचाराच्या फेरीत दगड आणि शिंपले जमवणारा हा माणूस १८६३ मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून परतताना ओढ्याच्या पुरात बुडून गेला. पिसदुऱ्याच्या मणक्यांवरूनही लिडेकरने टायटॅनोसॉरसची आणखी एक जात ठरवली होती आणि तीही पुढे संदिग्धांच्याच यादीत गेली. पण पिसदुऱ्याची खरी कीर्ती वेगळ्याच वस्तूमुळे झाली. तिथे डायनोसॉरची दगड झालेली विष्ठा सापडते. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतल्या वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती सूक्ष्मदर्शकाखाली तपासली आणि त्यांना तिच्यात गवताचे वाळूसारखे सूक्ष्म कण आढळले. २००५ साली हे प्रसिद्ध झाले तेव्हा जगभर खळबळ उडाली. तोवर समज असा, की गवत आले ते डायनोसॉर गेल्यावर. आपल्या विदर्भातल्या शेणाने तो समज मोडला. आज आपण खातो तो तांदूळ, गहू, ज्वारी हे सगळे गवताचेच वंशज. त्यांचे पूर्वज त्या महाकायांच्या पोटातून फिरून आलेले आहेत. मोठमोठ्या नावांची हाडे जे सांगू शकली नाहीत, ते या निनावी लेंड्यांनी सांगितले.

बंगळूरच्या कागदांकडे पुन्हा वळायचे तर तिथल्या भूवैज्ञानिक मासिकात १९७९ साली आणखी एक नाव जन्माला आले होते : द्रविडोसॉरस. पी. यादगिरी आणि के. अय्यास्वामी यांनी तमिळनाडूतल्या, तेव्हाच्या तिरुचिरापल्ली जिल्ह्यातल्या, खडकांतून ही हाडे मिळवली. पाठीवर तक्त्यांची रांग असणाऱ्या स्टेगोसॉरसच्या घराण्यातला हा प्राणी, असे त्यांनी जाहीर केले. गंमत अशी, की ते घराणे जगात इतरत्र केव्हाच संपलेले आणि हे खडक त्यानंतर कोट्यवधी वर्षांनी साचलेले, तेही समुद्राच्या तळाशी. भारत बेटासारखा एकटा असल्याने इथे जुने घराणे टिकून राहिले असेल, ही कल्पना मोहक होती. १९९६ साली शंकर चॅटर्जी आणि धीरजकुमार रुद्र यांनी आक्षेप घेतला, की ही हाडे डायनोसॉरची नाहीतच, ती समुद्रात पोहणाऱ्या प्लेसिओसॉर या सरपटणाऱ्या प्राण्याची आहेत. म्हणजे जमिनीवरचा तक्तेवाला की पाण्यातला वल्हेवाला, इथपर्यंत मतभेद!

याच दोघांनी, यादगिरी आणि अय्यास्वामींनी, १९८७ साली त्याच भागातल्या कल्लमेडू गावच्या हाडांना नाव दिले बृहत्कायोसॉरस. संस्कृतातला ‘बृहत्काय’ शब्द त्यात जसाच्या तसा आहे. आणि काया खरोखरच बृहत् : गुडघ्याखालचे एकच हाड दोन मीटर लांब! उंच माणूसही त्या नडगीच्या हाडाला उंचीत हरेल. पहिल्यांदा त्यांना हा मांसाहारी प्राणी वाटला. पुढे इतरांनी तो लांब मानेचा शाकाहारी असावा असे म्हटले. मापे खरी असतील तर हा जमिनीवर चाललेला जगातला सर्वांत मोठा प्राणी ठरू शकतो. २०२३ साली दोन संशोधकांनी त्याच्या वजनाचा अंदाज ११० ते १७० टन केला. निळ्या देवमाशाच्या पंक्तीतले हे वजन.

मग अडले कुठे? अडले असे, की ती हाडे आज नाहीत. ती मुळातच ठिसूळ होती, भोवतीच्या मातीत पावसाळ्यात पाणी शिरे, आणि काढून नेल्यावर त्यांचा भुगा झाला. उरली ती काही रेखाचित्रे आणि मोजमापे. जगभरच्या तज्ज्ञांपैकी काहींनी तर ते दगड झालेले लाकूड असेल अशी शंकाही काढली. शेवटी २०२२ साली सौरभ पाल आणि अय्यास्वामी यांनी खोदकामाच्या वेळची जुनी छायाचित्रे प्रसिद्ध केली, तेव्हा कुठे हाडे खरोखर होती याबद्दलची कुजबूज कमी झाली. नाव मात्र अजून अधांतरीच आहे. छायाचित्राला हातोडी लावून पाहता येत नाही आणि कातून सूक्ष्मदर्शकाखालीही ठेवता येत नाही.

हाडे गमावण्यात आपणच एकटे आहोत असे मात्र नाही. बंगळूरच्या कस्तुरबा रस्त्यावर विश्वेश्वरय्या संग्रहालयात मान हलवणारा, डरकाळी फोडणारा एक यांत्रिक स्पायनोसॉरस आहे. लहान मुले त्याला घाबरून आईचा पदर धरतात. पाठीवर शिडासारखा पडदा असलेल्या या प्राण्याची मूळ हाडे इजिप्तमध्ये सापडली. जर्मन शास्त्रज्ञ अर्न्स्ट स्ट्रोमरने १९१५ साली त्याला नाव दिले आणि म्युनिकच्या संग्रहालयात ती ठेवली. १९४४ च्या एप्रिलमध्ये दोस्त राष्ट्रांच्या बॉम्बहल्ल्यात सगळी जळून गेली. कित्येक वर्षे स्पायनोसॉरस म्हणजे स्ट्रोमरची चित्रे एवढेच उरले होते. पण स्ट्रोमरने प्रत्येक हाड चारी बाजूंनी इतके बारकाईने रेखाटून ठेवले होते, की पुढे मोरोक्कोत नवी हाडे सापडल्यावर ती त्या चित्रांशी ताडून पाहता आली. नाव वाचले.

तिकडे युद्धाने नेले, आपल्याकडे कपाटाने. टायटॅनोसॉरसचा मणका काही बॉम्बने उडाला नव्हता. तो कित्येक दशके ‘गहाळ’ म्हणून नोंदला जात होता. लंडनच्या संग्रहालयातल्या प्लास्टरच्या प्रतीकृतीवर संशोधकांना भागवावे लागे. आपल्या घरची वस्तू पाहायला शेजाऱ्याकडची तसबीर मागायची, अशातली ही गत. २०१२ मध्ये सर्वेक्षण आणि मिशिगन विद्यापीठ यांच्या सहकार्यातून जुना संग्रह पद्धतशीर उघडून पाहिला गेला, तेव्हा तो मणका हाती लागला. इथे मोहबे आणि सेन यांचे मोल कळते. नवा डायनोसॉर शोधणाऱ्याचा फोटो छापून येतो. जुन्या ट्रेमधली चिठ्ठी वाचून क्रमांक जुळवणाऱ्याचा कोणी छापत नाही. वास्तविक १९३३ साली फोन ह्यूने आणि मॅटली या जोडीने जबलपूरच्या त्याच बारा सिमला टेकडीतल्या एकेका, दोन-दोन मणक्यांवरून अर्धा डझन मांसाहारी डायनोसॉरांना नावे देऊन ठेवली आहेत. ती बहुतेक सगळी आज संदिग्ध आहेत आणि त्यांचीही मूळ हाडे एकेक करून शोधावी लागणार आहेत.

मणका मिळाला म्हणून टायटॅनोसॉरसच्या नावापुढचा शेरा पुसला गेलेला नाही. मणका तोच, खूणही तीच, जुनी झालेली. मात्र आता कोणालाही तो हातात घेऊन पाहता येतो, नव्या यंत्रांनी तपासता येतो, आणि नव्याने सापडलेल्या शेपटीशी ताडून बघता येतो. यातला शेवटचा भाग वरोरा, चंद्रपूरकडच्या शेतकऱ्यांच्या हाती अधिक आहे. केंद्र सरकारच्या खाण मंत्रालयाने भूवारशाच्या रक्षणासाठी एका कायद्याचा मसुदा डिसेंबर २०२२ मध्ये लोकांपुढे ठेवला होता. पण नांगराच्या फाळाला हाड लागते तेव्हा तिथे मंत्रालय नसते, शेताचा मालक असतो. तेव्हा पिसदुरा, डोंगरगावच्या बाजूला कोणाला जड, दगडासारखे आणि तरी हाडासारख्या घडणीचे काही दिसले, तर ते पहारीने उचकटू नये. शेजारी एक रुपयाचे नाणे ठेवून फोटो काढावा, वर पाला-माती लोटून ठेवावी आणि नागपूरला सेमिनरी हिल्सवर भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे मध्य विभागाचे कार्यालय आहे, तिथे कळवावे. जागा मात्र नेमकी लिहावी : गाव, गट नंबर, आणि विहिरीपासून किती पावलांवर.